रंजनाचा भाऊ

"सायकल शिकलीस होय?"

कालव्याच्या रस्त्यावर, अगदी माझ्या हाताशी, उसातून आवाज आला. मी दचकून ब्रेक दाबला आणि सायकल कलंडता कलंडता राहिली. उसाच्या कडेला एक माणूस उभा होता. तिशीचा असेल. अंगातला शर्ट दुसऱ्या कुणाचा तरी, खांद्यावरून ओघळलेला, पँट घोट्याच्या वर. हातात उसाचं कांडकं. पण मला भीती वाटली ती त्याच्या हसण्याची. आपलं माणूस कितीतरी दिवसांनी भेटल्यावर हसतात, तसा तो हसत होता.

"कोण तुम्ही?" मी विचारलं.

त्यानं ओठांवर बोट ठेवलं. "जा, जा तू. मी कुणाला सांगत न्हाई." आणि तो मागच्या मागे उसात शिरला. पाला थोडा वेळ हलत राहिला आणि मग थांबला. दोन पुरुष उंच ऊस, वर तुरे आलेले. आत माणूस आहे की नाही, हे रस्त्यावरून कळायला काही मार्ग नव्हता.

गावाचं नाव मी सांगत नाही. तो साखर कारखाना अजून आहे, फार्मसीचं कॉलेजही आहे. मी मूळची कुडाळजवळची, वृषाली दळवी. आमच्याकडे रान म्हणजे काजू आणि आंबा, झाडाखालून पलीकडचं दिसतं. इथे कॉलेजच्या चारी बाजूंना ऊस होता आणि त्यातून जाणारा प्रत्येक रस्ता दोन भिंतींमधल्या बोळासारखा वाटायचा. दिवाळीची सुट्टी संपत आली होती. माझं एक प्रॅक्टिकल राहिलं होतं म्हणून मी लवकर परतले होते. होस्टेलवर मी, माझी खोलीतली मैत्रीण शहनाज मुजावर, रेक्टर शिंगटेबाई आणि फाटकावर म्हातारे तातोबा, एवढीच माणसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या खिडकीच्या कट्ट्यावर उसाचे करवे ठेवलेले दिसले. सोललेले, तोंडात मावतील एवढे कापलेले, खाली उसाचं हिरवं पान अंथरलेलं. लहान मुलाला द्यावेत तसे. त्याच्या पुढच्या दिवशीही तसेच. आमची खोली तळमजल्यावर होती. खिडकीला गज होते, पण कट्टा बाहेरून हाताला यायचा.

मी शिंगटेबाईंकडे गेले. बाई देवघरातली फुलं काढत होत्या.

"बॉईज होस्टेलचं कुणीतरी असेल," त्या मागे न वळता म्हणाल्या. "तुम्ही पोरी हसून बोलता, मग पोरं मागं लागतात."

"बाई, हा पोरगा नाही. कालव्यावर एक माणूस भेटला होता मला. तोच असणार."

"मग कालव्यावरनं जायचं कशाला?"

कॉलेजला जायला दुसरा रस्ताच नव्हता, हे त्यांनाही माहीत होतं.

त्याच संध्याकाळी हवालदार धनवडे मोटरसायकलवरून आले. खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यांनी बाईंपुढे धरला. त्यावर एक फोटो होता, झेरॉक्स काढून काढून काळा पडलेला. वेड्यांच्या इस्पितळातून एक पेशंट पळाला होता. मूळचा याच भागातला. नाव भास्कर. दिसला तर कळवा, असं सांगून ते कागद पुन्हा घडी घालायला लागले.

"मी पाहिलाय ह्याला," मी म्हटलं.

धनवडे थांबले. मी कालव्याचं सांगितलं, करव्यांचं सांगितलं, सायकलचं सांगितलं. त्यांनी बाईंकडे पाहिलं.

"कोकणातली आहे ती," बाई म्हणाल्या. "जरा घाबरट आहे."

"हे बघ बाळ," धनवडे म्हणाले, "परवा कारखान्यावर हंगामाची पहिली मोळी टाकायचा कार्यक्रम आहे. मंत्री येणार. आमची सगळी माणसं बंदोबस्ताला. तो झाला की मी स्वतः दोन माणसं घेऊन उसात बघतो. तोवर आतून कडी लावून बसा."

"तोवर म्हणजे?"

"परवापर्यंत गं. त्यात काय एवढं!"

खोलीत आल्यावर पाहिलं तर शहनाज खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तिचं गाव तिथून जवळच. तिनं दारातून सगळं ऐकलं होतं.

"तुला कुणी सांगितलं नाही?" ती म्हणाली. "रंजनाचा भाऊ तो."

"कोण रंजना?"

रंजना आमच्याच कॉलेजची. आम्ही यायच्या आधीची, शहनाजच्या मावसबहिणीच्या वर्गातली. वर्गातल्याच एका मुलाशी तिचं जमलं होतं. मुलगा दुसऱ्या जातीचा. दोघं रजिस्टर लग्न करणार होती. पण एक दिवस तिच्या धाकट्या भावानं तिला उसात नेऊन कोयत्यानं मारलं. भाऊ लहानपणापासूनच डोक्यानं कमी, अधूनमधून झटके यायचे. कोर्टानं वेडा ठरवून त्याला इस्पितळात पाठवलं.

"आणि तो मुलगा?"

"त्यानं आधीच गाव सोडलं होतं. का सोडलं, ते कुणी विचारलं नाही." शहनाज म्हणाली, "तिचे वडील आबासाहेब. कारखान्याचे संचालक. कॉलेजच्या ट्रस्टवरपण आहेत. त्यामुळं कुणी बोलत नाही त्यावर."

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या व्हरांड्यातला जुन्या बॅचचा फोटो तिनं मला दाखवला. रंजना मधल्या रांगेत उभी होती. तिचा आणि माझा चेहरा काही सारखा नव्हता. पण माझ्यासारखीच लांब वेणी होती आणि जाड भिंगांचा चष्मा. तेवढ्यावरच त्यानं मला ओळखलं होतं.

मी बाईंच्या ऑफिसमधून आमच्या गावातल्या दुकानात फोन केला. बाबा धावत आले असावेत, त्यांना धाप लागली होती. "आजच्या आज निघ," एवढंच म्हणाले. मी पिशवी भरली. तातोबांनी मला स्टँडवर नेलं. तिथे एकही गाडी नव्हती. कंट्रोलर खिडकीतून म्हणाला, सगळ्या गाड्या गावोगावची माणसं आणायला कार्यक्रमाला लावल्यात, उद्या संध्याकाळनंतर या. तातोबांनी माझी पिशवी पुन्हा खांद्यावर घेतली. परतताना ते माझ्या आणि उसाच्या मधून चालले.

"भिऊ नको," ते म्हणाले. "त्येला मी बारका असल्यापास्नं बघतोय. आबासाहेबांच्या मळ्यातच हुतो मी आधी. माझ्या खांद्यावर बसून जत्रंला आलेलं पोरगं ते. माझं ऐकंल."

कार्यक्रमाच्या दिवशी कॉलेजचा सगळा स्टाफ कारखान्यावर गेला. जाणं भागच होतं. शिंगटेबाई इस्त्रीची साडी नेसून निघाल्या आणि जाताना आम्हाला बजावून गेल्या, "दार लावून बसा. तातोबा आहेतच." आम्ही खोलीची कडी लावली. दुपारची वेळ, उन्हानं पत्रे तापलेले. लांबून लाऊडस्पीकरवरची भाषणं ऐकू येत होती, शब्द कळत नव्हते. शहनाज म्हणाली, "संध्याकाळी तुझी एसटी. मीपण येते तुझ्याबरोबर. कोकण बघितलेलं नाही मी." आम्ही हसलोसुद्धा.

मग फाटकाकडून तातोबांचा आवाज आला.

"आरं, भास्करा न्हवं तू? कवा आलास?" आवाजात राग नव्हता. "आसं करू नगं बाबा. बस हितं. थांब, मी आबास्नी सांगतो. थांब जरा."

पुढचा आवाज मी इथे लिहिणार नाही. मी खिडकीशी गेले. तातोबा फाटकाजवळ पालथे पडले होते, एक हात ऑफिसच्या दिशेनं लांब केलेला. तिथे फोन होता. भास्कर त्यांच्याशेजारी उकिडवा बसला होता आणि त्यांचं धोतर नीट पायांवर ओढत होता. मग त्यानं मान वर करून सरळ आमच्या खिडकीकडे पाहिलं.

शहनाजला मी खाटेखाली ढकललं. तिच्यापुढे ट्रंका ओढल्या. मी स्वतः कुठे जायचं हे काही सुचेना. खोलीला एक दार, एक खिडकी, आणि खिडकीला गज. मी ओरडले. शक्य तेवढ्या जोरात ओरडले. लाऊडस्पीकरवर टाळ्या पडल्या.

व्हरांड्यात पावलं आली. दारावर बोटांनी हळूच वाजलं.

"अक्का. दार उघड. मी हाय."

मी भिंतीला चिकटून उभी राहिले.

"अक्का, त्यो आबांना सांगायला निघालता. आता न्हाई सांगत. उघड."

दार प्लायवुडचं होतं. कोयत्याचं पातं त्यातून आत आलं, गेलं, पुन्हा आलं. मग भोकातून हात आत आला. कोपरापर्यंत लाल. त्यानं चाचपडत कडी शोधली. तो हात कडीवर पडेपर्यंत मी नुसती बघत राहिले. ट्रंकेनं मारायला हवं होतं, त्या हातावर काहीतरी आदळायला हवं होतं. आज सुचतं. तेव्हा माझं अंग माझं नव्हतंच.

तो आत आला आणि मला पाहून तसाच हसला, कालव्यावर हसला होता तसा. "करवं खाल्लंस का?" त्यानं विचारलं. मग त्याची नजर खोलीभर फिरायला लागली. ट्रंकांकडे गेली.

"खाल्ले," मी म्हटलं. "गोड होते."

तो खूश झाला. "चल तर. उसात बसू. हितं आबा येतील."

ट्रंकांमागे शहनाजचा श्वास मला ऐकू येत होता. त्यालाही केव्हाही आला असता. मी पुढे झाले. फार धीर होता म्हणून नव्हे. त्याच्याबरोबर बाहेर पडण्याखेरीज त्या खोलीत करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

त्यानं माझं मनगट धरलं. लहान मुलं धरतात तसं, घट्ट. तातोबांवरून आम्ही गेलो तेव्हा त्यानं मला सांभाळून पलीकडे घेतलं. रस्ता ओलांडून उसात शिरलो. आत बाहेरचं ऊन नव्हतं, हिरवट अंधार होता. पाला तोंडाला कापत होता. वाळलेलं पाचट पायाखाली वाजत होतं. सरीतून तो वाट माहीत असल्यासारखा चालत होता. बऱ्याच आत गेल्यावर थांबला आणि मला खाली बसवलं. स्वतः समोर बसला, कोयता मांडीवर घेऊन.

"आवाज करू नको हां," तो कुजबुजला. "त्या येळंला तू वरडलीस. मग आबा म्हणाले, आता लवकर कर, माणसं येतील."

"आबा होते तिथे?" मी विचारलं.

"व्हते की. बांधावर. चुलते आण्णाबी व्हते." त्याच्या चेहऱ्यावर गोंधळ उमटला. "तूच बघितलंस की अक्का. तू आबांनाच हाक मारत व्हतीस. आबांनी तोंड तिकडं केलं."

"तुला कुणी सांगितलं असं करायला?"

"आबांनीच. म्हणाले, भास्करा, तुला कुणी काय करणार न्हाई. तू आजारी हायस न्हवं? बाकी कुणी केलं तर त्येला फाशी देतील." तो पुढे सरकला. डोळ्यांत पाणी होतं. "म्हणून सांगतोय, तू परत यायला नको व्हतंस. तू परत आलीस की मला परत कराय लावतील. हितंच ऱ्हा. मी करवं आणून देतो. जेवाण आणतो. कुणाला सांगत न्हाई."

इतके दिवस तो माझ्या मागावर होता तो मला मारायला नव्हे. तो मला लपवायला आला होता. मी तिथे बसून त्याच्याकडे पाहिलं आणि क्षणभर माझी भीती कमी झाली. वाटलं, बसून राहावं. गाड्यांचा आवाज येईल, माणसं येतील, सगळं संपेल. "राहते," मी म्हटलं. "तू कोयता बाजूला ठेव, भास्करा. मी राहते इथे."

त्याचा चेहरा उजळला. त्यानं कोयता पाचटावर ठेवला. खरंच ठेवला.

आणि माणसं आली. शहनाज बाहेर पडून अनवाणी पळत कारखान्यापर्यंत गेली होती, मांडवात घुसून ओरडली होती, हे मला नंतर कळलं. जीपचा आवाज आला, दारं आपटली. शिट्या वाजल्या. मला रडू फुटलं. सुटले, असं वाटलं.

मग एक भारदस्त आवाज आला.

"भास्करा! आरं पोरा, कुठं हायस? ये भाईर. मी आलोय."

भास्करचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत पुसला गेला. मघाचा माणूस तिथे राहिलाच नाही. तो ताडकन उठला. कोयता उचलला.

"आलो आबा," तो म्हणाला.

"भास्करा, जाऊ नको," मी म्हटलं. "आपण लपलोय ना? बस. अक्का सांगते, बस."

त्याला माझं ऐकू येत नव्हतं. त्यानं माझं मनगट धरलं आणि ओढत निघाला. मी सरीत पडले, गुडघे सोलले, तो ओढतच राहिला. आम्ही उसाबाहेर उन्हात आलो.

समोर बांधावर माणसं उभी होती. हवालदार धनवडे, एक फौजदार, कारखान्याची चारदोन माणसं. आणि पुढे आबासाहेब. पांढराशुभ्र सदरा, डोक्याला सत्काराचा फेटा, कपाळावर कुंकवाचा टिळा. उंच, देखणा माणूस. दोन्ही हात पुढे करून उभा.

"शाब्बास," ते म्हणाले. "ये इकडं. ये बाळा."

भास्कर थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. आणि शाळेत मास्तरांना विचारतात तशा आवाजात विचारलं,

"आबा, पुन्हा करू?"

कुणी हललं नाही. उसाचा पाला वाजत होता तेवढाच. मी आबासाहेबांकडे पाहिलं. त्यांनी एकच शब्द बोलायचा होता. नको. एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण तो शब्द उच्चारला असता तर 'पुन्हा' म्हणजे काय, हे त्यांना कळलंय असं झालं असतं. त्यांच्या बाजूला फौजदार उभा होता. त्यांचे ओठ हलले. बंद झाले. आणि त्यांनी तोंड बाजूला केलं.

"आबा!" मी किंचाळले. "नको म्हणा! नको म्हणा त्याला!"

भास्कर रडत होता. रडत रडतच त्यानं कोयता उचलला. मी हात वर केला, तो मानेवरचा घाव हातावर बसला. दुसरा खांद्यावर. तिसरा बसायच्या आत धनवड्यांची काठी पडली. मग बऱ्याच काठ्या पडल्या. तो खाली पडूनही म्हणत होता, "आबा, झालं. आबा, झालं."

सरकारी दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर मी जबाब दिला. सगळं सांगितलं, उसातलं आणि बांधावरचं. फौजदार लिहीत होते. वाचून दाखवलं तेव्हा त्यात होतं की आरोपी असंबद्ध बडबड करत होता.

"तो असंबद्ध बोलत नव्हता," मी म्हटलं. "तुम्ही ऐकलंत. तुम्ही तिथे होतात."

"बाई, तुम्ही विश्रांती घ्या."

रात्रपाळीवर आलेल्या धनवड्यांना मी विचारलं, "तुम्ही तरी सांगा. 'पुन्हा' म्हणाला ना तो?"

ते दाराशी उभे होते. टोपी हातात घेऊन ती फिरवत राहिले. "येड्याचं बोलणं कोर्टात चालत नाही, बाळ," ते म्हणाले. "तुझा जीव वाचला. तातोबा गेला बघ." ऐकलं नाही, असं ते म्हणाले नाहीत. ऐकलं, असंही म्हणाले नाहीत.

मी कोर्टातही तेच सांगितलं. शहनाजनं तातोबांचं सांगितलं. सरकारी वकील माझं पुढचं बोलणं तोडत म्हणाले, भेदरलेली मुलगी आहे, माणूस वेडा आहे, हे सगळ्यांनाच मान्य आहे. ते सगळ्यांनाच मान्य होतं. भास्करला पुन्हा इस्पितळात पाठवलं. आबासाहेब पुढच्या निवडणुकीत कारखान्याचे चेअरमन झाले. बाबांनी मला घरी नेलं. उरलेलं शिक्षण मी रत्नागिरीला पुरं केलं. डाव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत, पण कामाचं अडत नाही.

गेल्या वर्षी वर्तमानपत्रात पानभर जाहिरात आली. सहकारमहर्षी आबासाहेब यांना भावपूर्ण श्रद्धांजली. मी ती दोनदा वाचली, आणि रजा टाकून इस्पितळाच्या गावी गेले. नवऱ्यानं विचारलं, कशाला? मी पिशवी भरत राहिले. तिथल्या डॉक्टरांना मी नातेवाईक आहे असं सांगितलं. ते म्हणाले, बरं झालं आलात, यांच्याकडे कधीच कुणी येत नाही. वडीलसुद्धा नाहीत.

भास्कर बागेत चटईवर बसला होता. केस पांढरे झालेले, दात पडलेले. औषधांनी हात थरथरत होते. त्यानं मला ओळखलं नाही. माझी वेणी आता नाही, केस आखूड आहेत.

"नवीन सिस्टर का?" त्यानं विचारलं.

"नाही." मी त्याच्यासमोर बसले. "भास्कर, तुम्हाला एक सांगायला आले. आबा वारले."

त्यानं ऐकलं. मग त्यानं फाटकाकडे पाहिलं, मागच्या भिंतीकडे पाहिलं, पुन्हा फाटकाकडे पाहिलं.

"नक्की?"

"नक्की. मी पेपरात वाचलं."

त्याचे खांदे सैल पडले. चेहरा उजळला, उसातल्या त्या दुपारी मी कोयता ठेवायला सांगितलं तेव्हा उजळला होता त्याहून कितीतरी अधिक.

"मग आता अक्काला घरी यायला हरकत न्हाई," तो म्हणाला. "ती भिऊन कुठंतरी लपलीय. तुम्ही बाहेर जाताय न्हवं? भेटली तर सांगाल तिला?"

तो उत्तराची वाट बघत होता.

"सांगते," मी म्हटलं.